राखणदाराच्या पायाशी निळ्या पुड्या

रविवार, २३ नोव्हेंबर
गावच्या राखणदार देवाची घुमटी झाडली. राखणदाराच्या पायाशी विड्या, पाव, दारूची अर्धी बाटली हा नेहमीचा नैवेद्य – आणि निळ्या कागदाच्या तीन पुड्या. या महिन्यात तिसऱ्यांदा. कुणाचा तरी नवस असेल. दुसऱ्याने देवाला ठेवलेल्याला हात लावायचा नाही, ही रीत. कुत्र्यांनी ओढू नयेत म्हणून काठीने दगडाआड सारल्या, वर चपटा दगड ठेवला. ठेवणाऱ्याचं भलं कर म्हटलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
जेवताना क्षमाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "पपा, हो आपलोच राखणदार न्हू?"
इन्स्टाग्रामवर कुणीतरी आमच्या घुमटीचा फोटो टाकलेला. दगडावर लाल बाण. खाली पानाचं चित्र, बर्फाच्या कणाचं चित्र आणि वेळ. मी म्हटलं, छान आहे, पण चपला घालून काढलेला दिसतो.
ती ताट तसंच ठेवून उठली. कॉलेजला जायला लागल्यापासून जेवणच कमी झालंय तिचं.

बुधवार, २६ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर बालरथ, म्हणजे शाळेची बस, चालवता चालवता मुलांना सहज विचारलं – पान आणि बर्फ म्हणजे काय रे? अख्खी बस गप्प! इतकी शांतता मी आठ वर्षांत या बसमध्ये ऐकली नाही.
दहावीची भाग्यलक्ष्मी उतरताना हळूच सांगून गेली. पान म्हणजे गांजा. बर्फ म्हणजे पावडर. पैसे मोबाइलवरून द्यायचे, माल कुठे ठेवलाय ते फोटोत बघायचं. "अंकल, शाळेत सांगू नाका हां."
हरमलच्या किनाऱ्यावर चालतं, हे ऐकून होतो. पण देवाकडे! आणि मीच झाकून ठेवल्या. वर आशीर्वादही मागितला!

गुरुवार, २७ नोव्हेंबर
काय करावं कळत नाही. उचलल्या तर देवाचं उचललं. नाही उचलल्या तर?
देवस्थानचे दादूकाका म्हणाले, गप्प रहा, गावाचं नाव जाईल. घरी सुलोचनाला सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमचो राखणदार पोरांची राखण करता काय पुड्यांची?"


शुक्रवार, २८ नोव्हेंबर
पुड्या गेल्या. चपटा दगड मात्र कुणीतरी नीट परत लावून ठेवलाय.

रविवार, ३० नोव्हेंबर
आज नवी पुडी. देवाला गाऱ्हाणं घातलं, माफी मागितली, उचलली. रुमालात बांधून पोलीस ठाण्यावर नेली.
तिथल्या ज्योती मॅडमनी सगळं लिहून घेतलं. फोटो कुठे पाहिला, विचारलं. मुलीने दाखवला, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ते खातं खासगी आहे, आम्हालाही आतलं दिसत नाही. "गिऱ्हाईक असल्याशिवाय ते कुणाला आत घेत नाहीत."
मी म्हटलं, मैत्रिणीचा मोबाइल असेल. मॅडमनी पेन उचलून तेही लिहून घेतलं.
मोबाइल क्षमाचाच होता. मागचं गणपतीचं स्टिकर मीच लावलेलं आहे.
पण मग तिने तो मला दाखवला कशाला? लपवायचा सोडून, माझ्या ताटापुढे धरला!
मी चपलांचं बोललो.

सोमवार, १ डिसेंबर
बालरथ बदली ड्रायव्हर दीपककडे दिला. क्षमाला म्हटलं, कॉलेज राहू दे, माझ्याबरोबर चल.
पोलीस ठाण्यावर, हे सांगावं लागलं नाही. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि गाडीवर मागे येऊन बसली.