वडिलांनी बाहेर थांबावं

बुधवार संध्याकाळ, धाराशिव

डोकं जाग्यावर न्हाय. आज आमच्या चर्चमध्ये शमुवेलची चौकशी झाली. पोरगा परदेशातल्या मराठी मंडळीचा पाळक हाय. तिथं त्यानं परवानगी न घेता एक लग्न लावलं, तशी तक्रार आली. दीक्षा आमच्या चर्चनं दिलेली, म्हणून निकालही इथंच. दोषी ठरला तर पाळकपण जाईल.

मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना आमच्यात वडील म्हणतात. मीही त्यातलाच. पण पोरगा माझा, मग मी न्याय कसा करणार? अध्यक्ष म्हणाले, "वडिलांनी बाहेर थांबावं." तर सगळेच वडील उठले. "अहो, तुम्ही न्हाय, शमुवेलचे वडील," असं सांगावं लागलं. सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो?

व्हरांड्यात बसलो. मग व्हिडिओ कॉल लागला; तिकडं त्याला पडद्यावर एकटे अध्यक्षच दिसत असणार. त्याचा आवाज खिडकीतून येत होता. पहिल्याच प्रश्नाला तो अडखळला आणि म्हणाला, "वडील आहेत का तिथं?"

अध्यक्ष म्हणाले, "हायेत की, सगळे बसलेत."

त्यावर तो नुसतं एवढंच म्हणाला, "चूक झाली."

घरी मला पप्पा म्हणतो. पण सभेत पप्पा कसं म्हणणार? दार नुसतं लोटलेलं होतं. मी का उठलो न्हाय?

निकाल रविवारी. त्याची धास्ती तेवढी न्हाय. सगळे बसलेत, म्हणजे मीही त्यांच्यातच गप्प बसलोय, असंच वाटलं असंल त्याला.