कॉलरला वेळ लागतो

थोरले भाऊजी,

नमस्कार तुम्हाला नाही.

तुमचा भाऊ गेला, आणि महिन्याभरात मला लेकीसकट घराबाहेर काढलंत. वर म्हणालात, ‘देवानंच टाकलंय तुला.’ त्याच दिवशी पोरीची वाचा गेली. चार वर्षं परक्या गावात इस्त्री करतेय आणि देवाशी भांडतेय.

आज एक गिऱ्हाईक उशीर झाला म्हणून माझ्यावर खेकसलं. मागून पोर कडाडली, ‘आईवर ओरडू नका! कॉलरला वेळ लागतो!’

मी रडत बसले, त्याचा सदरा जळाला.

टाकलं तुम्ही, भाऊजी. देव परत द्यायला लागलाय. उरलेलंही देईल.

पत्र धाडणार नाही. टपालाच्या शिक्क्यावरून गाव कळेल आणि देवाचं नाव घेत, नातं सांगत दारात याल.

तुमची आता कुणी नाही,
धाकट्याची बायको