जावईबापूंची पाणसळवाली बंदूक

तीर्थस्वरूप मर्लदादास,

धाकट्या ऑर्व्हिलचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (वाकत नसेल तर नमस्कार उभ्यानेच घे.) वहिनींनी फ्लोरिडाहून धाडलेली संत्री पोचली. निम्मी मीच खाल्ली, हे आमच्या घरी सांगू नकोस.

इकडे हरणांचा मोसम सुरू झाला आणि यंदा जावईबापूंना डोंगरावरच्या आपल्या कॅम्पवर न्यावं लागलं. "बाबा, ब्रेंटला सोबत न्या, आणि तोंड सांभाळा," असं जोॲनाने बजावलं होतं. पहिलं जमलं. दादा, त्या बंदुकीला काय नव्हतं ते विचार! वर हातभर दुर्बीण, खाली घडीचे दोन पाय, बाजूला अंतर मोजायचं यंत्र, दस्त्यावर काडतुसांचा खिसा, आणि दुर्बिणीच्या डोक्यावर चक्क पाणसळ. (हो, गवंड्याची असते तीच, बुडबुड्यासकट.) मी विचारलं, "हरीण मारायचंय की भिंत बांधायचीय?" तर म्हणतो, "बंदूक कलली की कळतं, बाबा." मी म्हटलं, "माझी कलत नाही."

माझी म्हणजे आपल्या बाबांची. नळी, दस्ता, टोकाला नेम धरायचा लोखंडी दाणा, संपलं. यंदा तर त्याला धडा शिकवायला मी तिचा पट्टासुद्धा काढून टाकला. (त्यामुळे चढणभर ती दोन्ही हातांत धरावी लागली आणि नाक गळायला लागलं तेव्हा पुसायला हात उरला नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.) ब्रेंट मागून धापा टाकत होता. त्याचं ओझं बघून मला फार बरं वाटत होतं.

बाबांच्या मचाणावर दोघं शेजारी बसलो. उजाडता उजाडता तीन बार झाले. हरीण काही पडलं नाही. खाली कॅम्पवर आलो तर आपल्या टोळीतला डेल स्नायडर दारातच, "तीन बार ऐकले! कुणाचे रे?" ब्रेंट म्हणाला, "माझे." मग काय, कॅम्पभर नुसता धिंगाणा. "एवढं दुकान घेऊन गेलास आणि हरणाला नुसतं जागं केलंस होय?" नेम चुकला की शर्टाचं शेपूट कापून भिंतीवर ठोकायचं, हा रिवाज तू जाणतोसच, आणि आजवर ज्याचा शर्ट शाबूत असा मी एकटाच, म्हणून कात्री माझ्या हातात. कापलं. नवा लोकरीचा शर्ट होता, जोॲनाने दिलेला. मग रश्श्याची ताटली हातात घेऊन मी साधेपणावर चार शब्द बोललो. बंदुकीला नळी हवी आणि मागे माणूस हवा, बाकी सगळी मिरवणूक, असं काहीसं. टाळ्या पडल्या. ब्रेंटनेही वाजवल्या.

बाकी सगळं क्षेम. प्रकृतीला जप.

तुझा,
ऑर्व्हिल

ता. क. दादा, ते तीन बार माझे होते. बर्फातलं शिंगवालं हरीण मला लख्ख दिसलं. दोनदा नेम चुकला तरी ते हललं नाही, म्हणून तिसऱ्यांदा गोळी झाडली. मग ब्रेंटने त्याची दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली. मोडक्या झाडाचं खोड होतं. तो एवढंच म्हणाला, "खोडच आहे, बाबा. नशीब." खोडाच्या जागी माणूस असता तर, हा विचार डोक्यातून जात नाही. आणि तरीही कात्री मीच चालवली. लाज वाटते रे.

ता. क. २. पुढल्या महिन्यात तुझ्याकडे येतो. तुझ्या गुडघ्यासाठी नव्हे, डोळ्यांसाठी; तिकडच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेव. (इथला चष्मेवाला डेलचा भाऊ आहे, सांजेपर्यंत गावभर होईल.) ब्रेंटसाठीही खाट लाव. गाडी तोच चालवणार आहे. किल्ली मीच त्याच्या हातात दिली.