गळ्याची शपथ

ता. ९ नोव्हेंबर १९३५

अक्कल विकून खाल्ली या पोराने! कॅप्टनसाहेबाला हरवून आला. तेही त्याच्या मडमेसमोर. आणि घरी येऊन मला सांगतो, "आजी, एकसुद्धा गेम दिला नाही." जशी काही लढाईच मारली.

सकाळी दूध घालायला गेले तर क्लबाच्या खानसाम्याने ऐकवलं — "बाई, नातवाला समजवा. साहेब इथे घाम गाळायला येतो, नाक कापून घ्यायला नाही." मी मान खाली घातली. मी!

वाल्मीक टेनिसचा मार्कर आहे. साहेबाला जोडीदार नसला की समोर उभं राहून खेळायचं, त्याचा पगार. ही नोकरी मी मिळवली, किटली घेऊन सेक्रेटरीच्या पायरीवर वर्षभर ताटकळून. मानमोडीच्या साथीत याचे आईबाप गेले, तेव्हापासून मीच याची आई नि मीच बाप. आता नोकरी घालवून बसला तर खायचं काय — बॅट?

समोर बसवलं. म्हटलं, "तुला पगार खेळायचा मिळतो, जिंकायचा नाही. वाटेल तेवढा पुढे जा, पण शेवटचा पॉइंट सोडायचा. घे माझ्या गळ्याची शपथ."

"आजी, असली शपथ नको."

"का? मरेन म्हणून? मग सोड पॉइंट."

त्याने माझ्या गळ्याला हात लावला. बोटं गार होती.

ता. २ डिसेंबर

शिकला एकदाचा. साहेब लोक खूश. वाल्मीक जेवताना बोलत नाही. बरंच आहे, भाकरी गरम असताना पोटात जाते.

ता. ११ जानेवारी १९३६

नजीर येऊन गेला. आमच्या गल्लीतला पिंजारी. गाद्यांचा कापूस पिंजतो आणि क्लबाच्या बॅटांना आतड्याची तात भरून देतो. दारातूनच ओरडत आला, "मावशी, मुंबईला मार्कर लोकांची स्पर्धा हाय! साहेब कुणी नाय, मार्करशी मार्कर. पहिला येईल त्याला तिथला मोठा क्लब ठेवून घेणार, पोरांना शिकवायला. हरायची नोकरी खलास!"

"आमचा येईल पहिला?"

"मावशी, लय जणांच्या बॅटा भरल्या मी. असा हात नाय बघितला. तुमच्या चुलीपाशी कोण जेवतंय ते तुम्हालाच ठाऊक नाय."

खरंच ठाऊक नव्हतं. मी त्याचा खेळ कधी पाहिलाच नाही. दूध घालायचं आणि मागच्या दाराने परत यायचं.

ता. २७ जानेवारी

दोघं मुंबईला गेले. देवळाली स्टेशनावर पोचवायला गेले होते. माझा आवाज बसलाय — मिरच्या भाजल्या, त्याचा खकाणा. वाल्मीक म्हणाला, "आजी, घशाला काय झालं?"

मी म्हटलं, "परवा त्या पुण्याहून आलेल्या मार्करला हरवलंस ना? शपथ तू मोडतोस, भोगते मी!"

नजीर खो खो हसला. मीही हसले. वाल्मीक हसला का, ते इंजिनाच्या धुरात दिसलं नाही.

ता. ३ फेब्रुवारी

हरला. अगदी शेवटच्या सामन्यात.

नजीरने सांगितलं. जिंकायला एकच पॉइंट उरला होता. समोरचा लाहोरचा मार्कर कमरेवर हात ठेवून उभा, मनातून हरलेलाच. वाल्मीकने चेंडू वर टाकला आणि मारायचा सोडून झेलला. पुन्हा टाकला, पुन्हा झेलला. मग मारला तो जाळीत. दुसराही जाळीत. त्यानंतर एकही गेम घेता आला नाही. "मावशी, हात तोच होता. मधेच त्याच्या डोक्यात काय शिरलं, अल्ला जाणे."

वाल्मीकला विचारलं. "काही नाही." मग ताटावरून उठता उठता म्हणाला, "तुझा घसा बरा झाला का गं?"

तव्यावरची भाकरी जळाली तरी मला कळलं नाही.

ता. ४ फेब्रुवारी

जीभ छाटून टाकावी माझी.

ता. ९ फेब्रुवारी

त्याचा हात ओढून गळ्याला लावला. म्हटलं, "सुटली. शपथ सुटली. ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग आता जिंक."

"आजी, तू सोडलीस गं. हात कुठे सोडतोय? रोज संध्याकाळी शेवटचा चेंडू बाहेर मारतो. आता त्याला तेवढंच येतं."

चिडला असता तर बरं झालं असतं.

ता. ८ मार्च

आज किटली ठेवून मेंदीच्या कुंपणाआड उभी राहिले. पहिल्यांदाच खेळ पाहिला. काय ते पोरगं! जिथे चेंडू, तिथे हा आधीच पोचलेला. साहेब आपला धापा टाकत रेड्यासारखा. आणि मग शेवटचा चेंडू — रेघेच्या बाहेर, बोटभर. साहेबाने पाठ थोपटली. वाल्मीक हसला.

ते हसू माझं होतं. खानसाम्यापुढे मी हसते ना, तेच.

ता. २२ ऑक्टोबर

पावसाळा सरला, मैदान सुकलं. नजीरने माळ्याला पटवलंय. साहेब लोक उठायच्या आत वाल्मीक आणि दुसरा मार्कर सावळीराम खेळतात. मी जाळीच्या खांबाशी बसते. मला गेमसेट काही कळत नाही. शेवटचा पॉइंट आला की नजीर माझा पदर ओढतो, आणि मी ओरडते, "मार!" पहिल्या दिवशी वाल्मीकने चेंडू कुंपणापार घालवला. सावळीराम म्हणाला, "आजी, मला मारायला सांगता का चेंडूला?"

ता. १२ डिसेंबर

आठवडाभर रोज जिंकतोय. शेवटचा चेंडू असा हाणतो की सावळीराम बाजूला होतो! आज म्हणाला, "आजी, यंदा मुंबईला तू चल. मागून ओरडायला. तुझा आवाज ऐकला की मला धीर येतो."

आवाज पार फाटलाय माझा. ओरडून असेल.

ता. १८ जानेवारी १९३७

डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं. गाठ आहे. वाईट आहे म्हणाला. शपथेने होते का, म्हणून विचारलं, तर हसला. मलाही ठाऊक आहे, होत नाही. पण वाल्मीकला कोण पटवणार?

परवा त्यांची गाडी. मी उद्या पहाटेच चांदवडला भाचीकडे निघते. सामना होईपर्यंत हा आवाज त्याच्या कानी पडता कामा नये.

नजीरला बजावलंय — आजी का आली नाही विचारलं, तर उत्तर तूच द्यायचं. भाचीची म्हैस अडलीय, एवढंच. आणि शेवटच्या पॉइंटला "मार!" म्हणून ओरडायचं, तेही तूच.