सगळ्यांना एकच झेंडा

आबा, तुमच्याबद्दल मला आदर नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. तुम्ही गेलात तेव्हा अख्खं आंदर मावळ लोटलं होतं आणि जो तो माझ्याजवळ, तुमच्या लेकीजवळ, येऊन म्हणत होता, "घाटाचा झेंडा गेला गं बाई." मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, गेला ते बरं झालं. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. आज वाटलं, कारण गेल्या रविवारी शर्यतीत गाड्या सोडायचा झेंडा मी टाकला. तुमच्यासारखा बैलगाड्यांच्या नाही, मोटरसायकलींच्या. पण झेंडा तो झेंडाच.

तुम्हाला कळेल असं सांगते. कामशेतला पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. सुरुवातीला लोक बाईकडून हवासुद्धा भरून घ्यायला लाजायचे, आता इंजिन उघडायचं असलं की माझ्याच दारात येतात आणि तरी "तुमचे मिस्त्री कुठंयत?" विचारतात. तर या गाड्यांच्या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. म्हणजे तुमचा बैलगाड्यांचा चढाचा घाटच, फक्त सपाट. सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत. जो आधी पोचला तो जिंकला, आणि सगळा खेळ निघतानाचा. सुटण्यात जो चुकला तो पुढं कितीही पळो, हाती धुरळा. हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

आधी मी माझ्या गिऱ्हाइकांना घेऊन शहरातल्या एका क्लबच्या शर्यतींना जायचे. काय तो थाट! परदेशी गाड्या, त्या गाड्यांवर छत्र्या धरून उभी माणसं, आणि प्लग कुठं असतो हे ड्रायव्हरला विचारून सांगणारे मालक. आमच्यासारख्यांसाठी एक 'हौशी गट' ठेवलेला. वरातीमागून घोडं तसा त्याचा नंबर. मोठ्या गाड्या धावणार, जेवणार, पुन्हा धावणार, आणि वेळ मोजायच्या मशीनच्या वायरी गुंडाळायला घेतल्या की मग आम्ही. माईकवरचा माणूस म्हणायचा, "आता जाता जाता थोडी गंमत!" आपल्या आंदर मावळातला एक वेल्डर आहे. त्याची जुनी टू-स्ट्रोक आम्ही दोघांनी किती वेळा उघडून पुन्हा बसवली याला गणती नाही. ती गाडी म्हणजे यांची गंमत. शेवटच्या वेळी तर ऊन उतरलं म्हणून आमचा गटच रद्द केला. "पुढच्या वेळी नक्की हं, ताई," सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून दुसऱ्याच कुणाकडे बघत म्हणाला. मी बाहेर आले आणि टेम्पोत गाड्या चढवता चढवता सांगून टाकलं, आता आपली संघटना काढायची. हौशी लोकांची, कुणाच्या बापाची मिंधी नसलेली.

संघटना काढणं अवघड नसतं, आबा. आपल्याकडे तीन माणसं जमली की चार अध्यक्ष तयार असतात. नोंदणी झाली, पोलिसांची परवानगी झाली, ॲम्ब्युलन्स ठरली, रस्त्याच्या कडेला लावायला भाताच्या पेंढ्याचे भारे आले. मग नियम ठरवायला गॅरेजमध्ये बसलो आणि पहिलाच प्रश्न काय आला असेल? "मानाची बारी कुनाला?" ज्यांना दिवसभर उन्हात उभं करून कुणी पाणी विचारलं नव्हतं, त्यांना पहिली चिंता मानाच्या धावेची!  "न्हाई म्हंजे, पयली गाडी कुनाची तरी मानाची लागंलच ना, ताई," वेल्डर म्हणाला. "न्हाईतर बरं दिसत न्हाई." "बरं दिसत नसलं तर डोळं मिटून घे," मी म्हटलं, आणि शटरवर खडूनं नियम लिहिला. दोघांचं पुढचं चाक फक्कीच्या रेघेला टेकलेलं, गाड्या सरळ, दोघांनी मान हलवून होकार दिलेला. मग मी मनात एक, दोन, तीन म्हणणार आणि झेंडा खाली. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. सगळ्यांना एकच झेंडा.

हा नियम मी कुठून आणला, हे कुणी विचारलं नाही. तुमच्यावरून आणला, उलटा करून.

तुमच्या घाटात बाईला पाऊल टाकायची बंदी. म्हणून मी पलीकडच्या बांधावर करवंदीच्या जाळीआड बसायची. तुम्ही खाली रेघेजवळ उभे, डोक्याला गुलाबी फेटा, हातात झेंडा. गावातले बडे जमीनदार, तुमचे मालक, त्यांचे बैल जुंपलेले आहेत. ते नाचतात, माना वेळावतात, तुम्ही थांबता. निवेदक मालकांच्या आजोबांपासूनची थोरवी गातो, तुम्ही थांबता. बैल सरळ होतात, कान टवकारतात, तेव्हा कुठं तुमचा हात खाली येतो आणि वर घाटमाथ्यावर, त्या एकट्या गाड्यासाठी, घड्याळ सुरू होतं. मग मामाचा गाडा येतो. आईचा सख्खा भाऊ. वर्षभर स्वतः कोरडी भाकरी खाऊन त्यानं बैलांना पेंड घातलेली. एक बैल अजून आडवा आहे, मामा त्याच्या कासऱ्याला लोंबकळतो आहे, आणि झेंडा पडतो. वर घड्याळ पळतंय आणि बैल जागच्या जागी. कुणी फसवलं म्हणावं तर म्हणायला जागा नाही. थांबणं हा गुन्हा नाही आणि न थांबणं हाही गुन्हा नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

त्या संध्याकाळी तुम्ही मालकांनी दिलेला नवा कोरा फेटा आणि नारळ घेऊन घरी आलात. आई चुलीपुढं बसली होती. माहेरचा गाडा हरल्याचं तिला तुमच्या आधीच कळलं होतं. तुम्ही माझ्याकडं बोट करून म्हणालात, "बांधावं बसलीवतीस. म्या बघितलं. बाईची सावली पडली की बैल बिथरत्यात. तुज्यापायी मामाचा बैल आडवा झाला." मी लहान होते, आबा. मला ते खरं वाटलं. पुढं कितीतरी दिवस मामा घरी आला की मी परसात जाऊन बसायची, माझी सावली त्याच्यावर पडू नये म्हणून.  आईनं तो कोरा फेटा उचलला, त्याच फेट्यानं चुलीवरचं पातेलं धरून उतरवलं आणि तुमच्यापुढं ठेवलं. फेट्याला काळा डाग पडला. तुम्ही तो बघितलात आणि जेवलात. पुढच्या वर्षीच्या फेट्याचा तुम्ही मला झगा शिवून आणलात. शाळेतल्या सगळ्या पोरींना ते कापड कुठलं हे माहीत होतं. मी तो घातला, कारण दुसरा नव्हता.

आता हसा. आमच्या संघटनेला शर्यतीसाठी सरळ रस्ता मिळाला तो कुणाचा? तुमच्या मालकांच्या लेकाचा. त्यांचे बैल गेले, शेतं प्लॉटिंगला गेली. लोणावळ्याच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी बंगल्यांसाठी लांबलचक सिमेंटचा रस्ता करून ठेवला आणि बंगला एकही उठला नाही. बडा घर पोकळ वासा. पण भोवती भिंत, पुढं गेट, आत रहदारीचं नाव नाही. आम्हाला दुसरीकडं कुठंही असा रस्ता मिळेना, आणि रस्त्याशिवाय संघटना म्हणजे नुसता रबरी शिक्का. मी गेले. त्यांनी चहा पाजला, रस्ता फुकट दिला. "आपलीच मानसं तुमी," म्हणाले. "आमचं पोरगंबी पळवतंय गाडी. हौशीच हाय." त्या हौशी पोराची गाडी शहरातून तयार होऊन आली होती आणि टायर परदेशातून. मी चहा संपवला आणि नियम वाचून दाखवला. ते मान डोलावत राहिले, कीर्तनात पुढं बसलेली माणसं डोलावतात तशी.

रविवारी लोक आले, बायकाही आल्या. माझा हात सकाळपासून घड्याळासारखा चालला होता. रेघेला चाक, होकार, तीन, झेंडा. हरलेलीसुद्धा हसत परत येत होती, कारण हरली ती गाडीनं हरली होती. क्लबच्या सेक्रेटरीला आणून पेंढ्यावर बसवावं असं मला वाटत होतं. शेवटच्या धावेला उरले दोघं, आपला वेल्डर आणि मालकांचा नातू.

तेवढ्यात मालक, म्हणजे आताचे मालक, मांडवातून उठून माझ्याकडं आले. हातात गुलाबी फेटा. सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला बांधायला लागले. मी मागं सरले तसा माझ्या हातात दिला. "तुमच्या घरचा मान हाय ह्यो. आमी कसा इसरू?" मग जरा वाकून, हळू आवाजात म्हणाले, "पोरगं जरा गडबडतंय सुटताना. सरळ होऊ द्या त्याला. तुमच्या आबांचा हात लय सबुरीचा व्हता."

लय सबुरीचा! मला हसूही आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला. फेटा मी पेंढ्याच्या भाऱ्यावर टाकला आणि रेघेजवळ गेले. वेल्डरनं चाक टेकवलं, मान हलवली. नातू रेघेवर आला, पण गाडी जराशी तिरकी होती. त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली, ती अडकली, त्यानं पुन्हा ओढली. होकार यायचा होता. माझ्यासमोर एक गाडी सरळ होती आणि एक आडवी. मला पलीकडच्या बांधावरची करवंदीची जाळी दिसली, मामा कासऱ्याला लोंबकळताना दिसला. मी तीन म्हटलं नाही. एकसुद्धा म्हटलं नाही. झेंडा टाकला.

वेल्डर गेला. नातू हात काचेवरच ठेवून बघत राहिला, मग निघाला. पण पोचेपर्यंत आमची पोरं वेल्डरला खांद्यावर घेऊन नाचत होती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो पोरगा वाईट नाही, हे लिहायला मला आवडत नाही. हेल्मेट काढून सरळ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सॉरी मावशी, माझंच लक्ष नव्हतं. काच अडकली." मी म्हटलं, "होतं असं." तुम्हीही मामाला हेच म्हणाला असाल.

रस्ता आता गेला, असं धरून मी मालकांसमोर उभी राहिले. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. संघटना कुणाची मिंधी नाही, रस्ता ठेवा तुमच्यापाशी, असली. पण ते चिडलेच नाहीत. माझ्या हाताकडं बघून गालात हसत होते. "हुबेहूब आबा," म्हणाले. "म्या ल्हानपनी रेघंवरच उभा असायचो, मला कळतंय. रस्ता तुमचाच समजा. पुढच्या खेपंला आमच्याकडंबी बघा म्हंजे झालं." आणि भाऱ्यावरचा फेटा उचलून, झटकून, पुन्हा माझ्या हातात दिला. जुळवलेली वाक्यं तशीच ठेवून मी तो घेतला.

पोरांना यातलं काही माहीत नाही. शटरवर नियम अजून तसाच आहे, कालच कुणीतरी खडू फिरवून अक्षरं ठळक केली. वेल्डर सांगत फिरतोय की आयुष्यात पहिल्यांदा सरळ शर्यत बघितली. मी गॅरेजमध्ये खाली मान घालून प्लग साफ करते.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि पोचणार असतं तर मी लिहिलंही नसतं. फेटा स्वयंपाकघरात नेला होता, पातेलं धरावं म्हणून, पण घडी करून परत कपाटात ठेवला. जन्मभर मी समजत आले की तुम्ही ते लाचारीनं करत होता. मालकांची भीती, नारळ, फेटा, दुसरं काय! पण रविवारी माझा हात खाली येत होता, एक माणूस अजून आडवा होता, आणि तिथल्या सगळ्यांत ते फक्त मलाच माहीत आहे असं मला वाटत होतं. त्या वेळी मला लाज वाटली नाही, आबा. लय बरं वाटलं.