गच्चीवरचं सलाईन

३ मे १९९७, शनिवार

पुन्हा पकडलं! पहाटे जिन्यात बादलीची कडी वाजली म्हणून उठले. हे गच्चीच्या शेवटच्या पायरीवर उभे. एका हातात भरलेली बादली, दुसरा कठड्यावर. ओठ पांढरे पडलेले. जानेवारीत हार्ट ॲटॅक येऊन गेलेला माणूस! डॉक्टरांनी बजावलंय, वजन उचलायचं नाही.

"किती झाल्या?"

"ही दुसरीच."

वर जाऊन पाहिलं. छत्तीसपैकी एकवीस कुंड्या ओल्या. दुसरीच म्हणे!

भांडले नाही. हात धरून खाली आणलं, नाडी पाहिली. एकशे अठरा.

५ मे, सोमवार

आज बोलून टाकलं — कुंड्या खालच्या खुराना आंटींना देऊन टाकू. हे दुपारभर पेपर तोंडापुढे धरून बसले. एकच पान.

संध्याकाळी म्हणाले, "ऑफिस सुटलं. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं. आता या मोगऱ्यालाही सोडू?"

चाळीस अंशांत कुंडीला एक दिवस पाणी चुकलं की पानं माना टाकतात. बादल्या उचलायला माझी कंबर नाही. एकतीस वर्षं पेशंट उचलून ती गेली. मुलगा हेरंब सकाळी साडेसहाच्या बसने गुडगावहून नोएडाला जातो, रात्री आठला परततो. टाकीला पाइप लावून पाहिला होता. आमची एवढीशी टाकी अर्ध्या तासात खाली, आणि हेरंब बिनअंघोळीचा ऑफिसला.

फेब्रुवारीत मी नर्सच्या नोकरीचा राजीनामा दिला तो यांना सांभाळायला. आता सगळ्या वॉर्डात मिळून एकच पेशंट आणि तोच ऐकत नाही.

७ मे

अंघोळ करताना सुचलं. थेंब! पाणी ओतायचंच कशाला? थेंब थेंब द्यायचं. आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?

९ मे, शुक्रवार

एकटी दिल्लीच्या औषधबाजारात, भगीरथ पॅलेसला जाऊन आले. आधी रोडवेजची बस, मग रिक्षा, मग त्या गल्लीतली ढकलाढकल. एका दुकानात सलाईनचे सेट मिळाले. खोकं भिजून पाकिटं खराब झालेली, म्हणून पेशंटला चालणार नाहीत असे. दुकानदार माणूस सरळ. देतच नव्हता.

"सिस्टरजी, ये मरीज़ को नहीं लगा सकते."

"छत्तीस मरीज़ हैं भैया. सब गमले में बैठे हैं."

आधी माझ्याकडे बघत राहिला. मग इतका हसला की शेजारचा दुकानदार डोकावला. चाळीस सेट बांधून दिले.

सिस्टरजी! मी काही सांगितलं नव्हतं. कसं ओळखलं असेल?

११ मे, रविवार

दिवसभर गच्चीवर. दोनशे लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप विटांच्या चौथऱ्यावर चढवलं. प्लंबरने टाकीवरून त्याला बारीक नळ काढून दिला, पिंप भरलं की बंद करायचा. पिंपाच्या तळातून जाड नळी काढून कुंड्यांच्या रांगेने फिरवली. तापलेल्या खिळ्याने तिला भोकं पाडली आणि एकेका भोकात सेटची टोकदार सुई दाबून बसवली. हेरंबने सकाळी "आई, ये सब चलेगा नहीं यार" म्हणून सुरुवात केली आणि दुपारी तोच उघडा होऊन खिळे तापवत होता. त्याला 'ठिबक' हा शब्द ठाऊक नाही! दिल्लीत वाढवलं त्याचं फळ.

हे खुर्ची टाकून सावलीत. "कुंडीला सलाईन! लोक हसतील."

हसू देत. वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मिनिटाला पंधरा थेंब ठेवले की दिवसभरात कुंडीला लिटरभर. हिशोब तोंडपाठ आहे.

१२ मे

बंद पडलं. पाऊण तास छान चाललं, मग एकेक करत सगळे थेंब थांबले. पिंप भरलेलं, नळ्या भरलेल्या, आणि थेंब नाही!

आणि संध्याकाळी हे बादली शोधत होते. मी लपवली आहे.

१३ मे, मंगळवार

तासभर नळ्या सोडवत होते. डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेवढ्यात हे खुर्चीतून उठून पिंपाशी आले. झाकणावर टिचकी मारली. मी धूळ जाऊ नये म्हणून घट्ट आवळून बसवलेलं झाकण.

"द्वारका, तेलाच्या डब्याला आपण भोकं किती पाडतो?"

"दोन."

"का?"

अरे देवा! हवा! काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा प्रत्येक बाटलीला हवेची सुई मी स्वतः टोचायचे. नव्या पोरींना ओरडायचे, हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येईल कसं? आणि आज मंत्रालयात फायली चाळलेला माणूस मला शिकवतोय!

झाकणाला भोक पाडलं, जाळी बांधली. यांचा चेहरा बघण्यासारखा. कितीतरी महिन्यांनी.

१४ मे

चालू! छत्तीसच्या छत्तीस!!

२० मे

सुखाने चालेल तर कसलं. बोअरचं पाणी खारट, सेटच्या गाळण्या पांढऱ्या होऊन तुंबतात. पिंपाच्या तोंडाशी मलमलची चौघडी बांधली. उन्हाने नळ्यांत हिरवं शेवाळ धरलं. त्यांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळल्या. दुपारी पिंपात हात घातला तर पाणी चहाइतकं कढत! मुळं शिजली असती. आता पिंपाला ओलं गोणपाट.

कढीपत्ता आणि लिंबू सुधारले. अनंताचं एक रोप गेलं. वाईट वाटलं.

खुराना आंटी वर आल्या, चेहरा काळजीचा. "भाभीजी, आजकल हमारी बालकनी में ऊपर से पानी नहीं गिरता. भाईसाहब ठीक तो हैं ना?"

हे आतून ओरडले, "बिल्कुल ठीक हूँ!"

२६ मे, सोमवार

काल संध्याकाळी आंधी. गच्ची दिसेना इतकी धूळ. पिंपाचं झाकण उडून खुरानांच्या बाल्कनीत, निम्म्या नळ्या निखळून एकमेकींत गुंतलेल्या. सकाळी मी कपाळाला हात लावला. मागे वळून पाहते तर हे खाली मांडी घालून गुंता सोडवतायत. एकेक सेट लावून घड्याळ धरून थेंब मोजत होते.

"बेड नंबर नऊ, सोळा थेंब. चालेल का, सिस्टर?"

"पंधरा करा."

"करतो."

नाडी पाहिली. शहात्तर!

४ जून, बुधवार

ग्वाल्हेरहून परत. माझ्या भाचीचं लग्न. चार दिवस आम्ही तिघंही नाही, घराला कुलूप. किल्ली कुणाला दिली नाही. मुद्दामच! कुणी एक तांब्या घातला असता तर खरी परीक्षा झाली नसती. पेपरात पंचेचाळीस अंश वाचून लग्नात माझं लक्ष नव्हतं.

येताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी बादल्या का उचलायचो, माहितेय?"

"हट्टी म्हणून."

"मी बरा झालोय असं तुला दिसायला हवं होतं. तू घरात बसून माझी नाडी मोजतेस, ते बघवत नाही. तू वॉर्डातून यायचीस तेव्हा दमलेली असायचीस, पण तू तूच असायचीस."

मथुरेपर्यंत त्यांचा हात धरून बसले. नाडी बघायला नाही.

घरी आलो. हेरंब बॅगा टाकून तीन-तीन पायऱ्या चढत वर पळाला. वरून ओरडला, "आई! बाबा! जल्दी!!"

मोगरा! पांढराशुभ्र! पानं दिसत नव्हती. तुळस, लिंबू, सदाफुली, सगळे ताठ उभे. पिंपात अजून वीतभर पाणी. पस्तीस पेशंट आणि चार दिवसांत एकही दगावला नाही. कुठल्या वॉर्डाने असा चार्ट दाखवावा!

तिथेच उन्हात नाचले. अठ्ठावन्नाव्या वर्षी. यांनी टाळ्या वाजवल्या.

८ जून, रविवार

आज गच्चीवर जत्रा. खुराना आंटींनी अख्ख्या ब्लॉकला सांगितलंय. चार घरांना आपापल्या गच्चीवर असंच हवं आहे. हे प्रत्येकाला झाकणाच्या भोकाची गोष्ट सांगतात, दर वेळी थोडी वाढवून.

आंटींचा धाकटा भाऊ आला होता. डॉक्टर आहे, इथे गुडगावातच चाळीस खाटांचं नर्सिंग होम काढतोय. तो गप्पांत नव्हता. रांगेने एकेक सेट बघत गेला. शेवटी विचारलं, "ये रेट किसने सेट किए? सब बराबर चल रहे हैं."

"मी," म्हटलं. मराठीतच निघालं तोंडून.

१६ जून, सोमवार

आंटींचा डॉक्टर भाऊ सकाळी घरी आला. हेड नर्स म्हणून याल का, एक जुलैपासून? मी म्हटलं, मेट्रन म्हणून विचारत असाल तर येईन, आणि माझ्या नर्सेस मी निवडीन. त्याने एकदा गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. मग हो म्हणाला! हे स्वयंपाकघरात होते. तिथूनच विचारलं, "मेट्रनबाई, डब्यात पोळी किती?"