चष्म्यावर बसतील असे हेडफोन

४ मार्च, मंगळवार

जिमचा दुसराच दिवस आणि डोकं ठणकतंय! व्यायामाने नव्हे — हेडफोनने. डॉक्टरीणबाईंनी साखरेचा आकडा बघून भुवया उंचावल्या, म्हणून हे रोज सकाळचं झेंगट. जिममधली गाणी म्हणजे पत्र्यावर दगडांचा मारा. म्हणून अख्खा कान झाकणारे मोठे हेडफोन घेतले. वीस वर्षं लोकांच्या नाकाकानावर चष्मे बसवतेय, आणि स्वतःच्या चष्म्याच्या काड्या विसरले! पंधरा मिनिटांत दोन्ही काड्या कानामागे रुतल्या. चष्मा काढला तर वजनांवरचे आकडे दिसेनात. पाचाच्या जागी दहा किलो उचललं. ट्रेनर म्हणाला, "वा काकू!"

काकू म्हणे.

६ मार्च

मोठे हेडफोन बाबांना देऊन टाकले. त्यांच्या फोनला जोडून दिले. आता गॅलरीत लिंबाच्या कुंडीशेजारी खुर्ची टाकून रेडिओ ऐकतात. इतके दिवस त्यांच्या बातम्या खालचे दोन मजलेही ऐकायचे. घरात एकदम शांतता. "छान ऐकू येतं गं!" म्हणाले — ओरडूनच, कान झाकलेले ना.

९ मार्च, रविवार

बाबांनी दूध गॅसवर ठेवलं आणि हेडफोन लावून गॅलरीत जाऊन बसले. मी भाजी घेऊन आले तर स्वयंपाकघरात धूर, पातेल्याचा कोळसा. महिनाभरातली तिसरी वेळ. ओरडले. खूप ओरडले. "पातेलं मी घासतो," एवढंच म्हणाले. त्याने जास्तच डोकं फिरलं.

नेमका तेव्हाच दादाचा फोन. परगावी राहून सल्ले द्यायला याचं काय जातं! "अगं, त्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी होतेय, एक तारखेपासून. आई गेल्यापासून तू एकटी करतेस. किती करशील? हो म्हण."

मी हो म्हटलं.

इथे तरी खरं लिहायचं. हो म्हटलं, आणि बाबांना सांगितलेलं नाही.

११ मार्च

कानात घालायचे छोटे आणले. पळायच्या पट्ट्यावर तिसऱ्या मिनिटाला डावा निसटला आणि पट्ट्यावरून मागे, थेट एका पैलवानाच्या बुटाखाली. तो बिचारा माझ्याहून जास्त घाबरला. दोष हेडफोनचा नाही. कोणाचेच दोन कान सारखे नसतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. माझा डावा उजव्यापेक्षा चांगलाच खाली आहे.

१३ मार्च

सापडले! कानावर आकडा अडकवायचे. आकडा बारीक, त्यावरून काडी बरोबर बसते. दुकानातच वीस उड्या मारून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, हळू, खाली आमचं गोदाम आहे."

बाबांनी पातेलं घासून आरशासारखं केलंय. आज दूध तापेपर्यंत ओट्यापाशी उभे होते. हेडफोन गळ्यात. मला बघवेना.

१५ मार्च

बाबा म्हणतात, बातम्या चालू असताना मधेच एक बाई धिंगाणा घालून गात होती. म्हटलं, रेडिओ आहे, काहीही लागतं. जिमला निघताना घरातच गाणं लावलं, तर माझ्या नव्या हेडफोनमध्ये मात्र तेव्हा काहीच वाजेना. फोन बंद करून चालू केला, मग वाजलं. नव्याची नवलाई दोन दिवसांत संपली!

१६ मार्च, रविवार

दादाचा फोन. माझ्या खोलीचं दार लावून घेतलं, हेडफोन चढवले, फोन उचलला — चिडीचूप! हॅलो हॅलो करून घसा बसला. दोन मिनिटं अशीच गेली. शेवटी हेडफोन काढले, स्क्रीनवर बोट मारून आवाज फोनवर घेतला आणि फोन सरळ कानाला लावला. दादा तापलेला. "केव्हाचा बोलतोय, तुझं हूं नाही की चूं नाही. नुसता कावळा ओरडतोय!"

माझ्या बंद खोलीत कुठला कावळा! कान तपासून घे म्हणावं.

मग त्याने सगळं पुन्हा सांगितलं. "तू हो म्हणालीस म्हणून खोली पक्की केली. आता बाबांना तूच सांग, मला जमायचं नाही."

मी म्हटलं, नको. रद्द कर. मी रागात बोलले होते, बाबा इथंच राहतील. तो म्हणाला, "आठवडाभर थांबतो, तोवर डोकं थंड कर." माझं डोकं थंडच आहे. आठवड्याभरात पहिल्यांदा.

सुटले. बाबांना यातलं काही माहीतच नाही, तेव्हा सांगायचंही काही उरलं नाही. हेडफोन मात्र बिघडलेले निघाले.

१८ मार्च

बाबा आज आमच्या चष्म्याच्या दुकानात आले. एवढं चालत! "नंबर तपास. आणि जास्तीचा एक चष्मा करून ठेव. एक फुटला तर तू कुठे हाताशी असशील?" म्हटलं, मी कुठे जातेय? हसले. उजव्या डोळ्याचा नंबर थोडा वाढलाय.

१९ मार्च

बाबांनी लिंबाची कुंडी शेजारणीला देऊन टाकली! बी लावून वाढवलेलं झाड. सात वर्षांत एक लिंबू नाही, पण कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. "तिच्याकडे ऊन जास्त," म्हणे. म्हातारपणी माणसाचं काय बिनसेल सांगता येत नाही.

२० मार्च

बाबांनी कपाट आवरलंय. फारच आवरलंय.

२१ मार्च, दुपार

जेवणाच्या सुट्टीत हेडफोन परत करायला गेले. दुकानदाराने लावून पाहिले — ठणठणीत. मग माझा फोन मागितला. "बाई, ते मोठे हेडफोन कुठे आहेत?" म्हटलं, वडिलांकडे. "ते तुमच्या फोनमधून काढलेच नाहीत तुम्ही. घरात असलात की हा त्यांनाही धरतो. मग कधी कधी आवाज तिकडे जातो. फोन आला तर बोलणं त्यांच्या कानात, आणि माइकही तिकडचाच."

गॅलरी. कावळा.

तिथल्या स्टुलावर बसले. दादाची ती दोन मिनिटं बाबांनी ऐकली. तू हो म्हणालीस, खोली पक्की केली, बाबांना तूच सांग — सगळं. आणि माझं 'नको' मी फोन कानाला लावून, दार बंद करून बोलले. नेमकं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पाच दिवस माणूस गुपचूप जायची तयारी करतोय, मला सांगायची वेळ येऊ नये म्हणून. आणि मी त्याला विक्षिप्त ठरवून मोकळी!

लाज वाटली. दुकानदाराने पाणी दिलं.

२१ मार्च, संध्याकाळ

बाबांना सांगितलं — मी दादाला नको म्हणाले, तुम्हाला तेवढंच ऐकू गेलं नाही.

"आणि त्याच्या आधी?"

म्हटलं, हो म्हणाले होते.

बाबांनी मग गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"लाव दादाला फोन. आणि या वेळी स्पीकरवर."